डोंगरमाथ्यावरचे हॉटेल आणि ते वाहून नेणारे खांदे

आजचा धागा माथेरानच्या जुन्या हॉटेलांविषयी आहे. पण त्याची सुरुवात जालन्यातून करतो.

जालना शहरात काळी मशीद आहे. सोळाव्या शतकात जमशेदखानाने ती बांधली. मशिदीजवळच त्याने हमाम आणि सराई उभारली, मोती तलाव बांधला आणि तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. या हौदांतला सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. थकलेला प्रवासी दरवाजातून आत येई, बैल सोडी आणि समोरच पाणी पाही. तलाव उंचावर, सराई सखल भागात. पाणी आपल्या वजनानेच पाहुण्याकडे चालत येई.

आता हेच चित्र उलटे करून पाहा. पाहुण्यांची उतरण्याची जागा डोंगराच्या माथ्यावर आहे. पाणी खाली आहे, धान्य खाली आहे, बाजार खाली आहे, पाहुणाही खालीच आहे. वर काय आहे? हवा, आणि दरी पाहण्याची सोय. एवढ्यासाठी बाकी सारे कुणीतरी वर न्यायचे. डोंगरमाथ्यावरच्या हॉटेलाचा इतिहास वाचताना राज्यपाल, पाहुणे आणि मेजवान्या यांच्या गोष्टी भरपूर सापडतात. मला मात्र वाटते की हा इतिहास मुळात ओझ्याचा आहे. हॉटेलाची भिंत कशाची, छप्पर कशाचे, स्वयंपाकघर कुठे, जेवण कुणाच्या हातचे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो की शेवटी एकाच प्रश्नापाशी येतो : हे वर कसे आणले?

जालना जिल्ह्यात असा डोंगर नाही. उत्तरेला अजिंठ्याच्या रांगा आहेत, पण त्यांच्यावर थंड हवेचे गाव वसले नाही. तरीही ही गावे वसवण्याची गरज ज्या मैदानांत निर्माण झाली, त्यांत आपलेही मैदान येते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे १८२७ मध्ये जालन्याला छावणी बांधली गेली आणि हैदराबाद कंटिन्जंटचे सैन्य तेथे राहू लागले. अशा छावण्या दख्खनभर होत्या, आणि त्यांतल्या गोऱ्या शिपायांना तलवारीपेक्षा ताप अधिक मारत असे.

हा ताप डासांमुळे येतो हे कुणालाच ठाऊक नव्हते. रोनाल्ड रॉसचा शोध १८९७ चा. तोवरचे वैद्यक सांगे की दलदलीतून, कुजलेल्या पाल्यातून दूषित वाफ उठते आणि ती माणसाला आजारी पाडते. उपाय सरळ होता : या वाफेच्या वर जाऊन राहावे. उपपत्ती चुकीची होती, पण उपायाचा काहींना गुण येई, कारण थंड उंचीवर डासांचा त्रास कमी असे. एका चुकीच्या समजुतीने सह्याद्रीच्या कड्यांवर गावे वसवली, असे म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही.

१८२४ मध्ये जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढला. १८२९ मध्ये सर जॉन माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून तो प्रदेश करार करून घेतला, आणि माल्कम पेठ वसली. चिखलदऱ्याचा शोधही हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नावे, १८२३ चा, सांगितला जातो. ही सारी ठिकाणे आरंभी आजाऱ्यांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी होती. पाहुणा पैसे देऊन खोली घेतो, दरी पाहतो आणि चार दिवसांनी परत जातो, ही कल्पना अजून आपल्याकडे रुजायची होती.

जगात मात्र ती जन्मली होती. स्वित्झर्लंडमधल्या रिगी पर्वताच्या माथ्यावर १८१६ मध्ये पाहुण्यांसाठी घर उघडले. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या उत्तरेला कॅट्सकिल डोंगराच्या कड्यावर ‘कॅट्सकिल माउंटन हाऊस’ उभे राहिले ते १८२४ मध्ये, म्हणजे लॉडविक महाबळेश्वर चढला त्याच वर्षी. ते पांढरे, उंच खांबांचे लाकडी हॉटेल शहरी श्रीमंतांसाठी होते. तेथे तापाचा प्रश्न नव्हता. निसर्ग पाहणे हाच हेतू होता. न्यूयॉर्कपासून ते इतके जवळ होते की बोटीने आणि घोडागाडीने जाता येई. या हॉटेलाकडे पुन्हा एकदा येऊ.

डोंगरावरच्या हॉटेलाला दोन गोष्टी लागतात : पायथ्याशी जवळ असलेले मोठे शहर, आणि त्या शहरात सुट्टी घेऊ शकणारी माणसे. मुंबईच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जुळल्या.

मे १८५०. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याचा मुक्काम चौक गावी होता. समोरच्या डोंगरावर तो ‘वन ट्री हिल’च्या बाजूने चढला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. इतिहासाच्या पुस्तकांत यालाच ‘माथेरानचा शोध’ म्हणतात. या शब्दाविषयी थोडे थांबून विचार करावा. डोंगरात धनगर, ठाकूर आणि कातकरी राहत होते. गुरे चारण्यासाठी, मधासाठी, हिरड्यासाठी ते रोज त्या वाटा चढत-उतरत होते. माथ्यावर पिसरनाथाचे स्थान होते. मॅलेटला वाट दाखवणाराही पायथ्याचाच माणूस होता. ज्याला वाट ठाऊक होती त्याने शोध लावला नाही आणि ज्याला दाखवावी लागली त्याने लावला, अशी ही कागदोपत्रीची गंमत आहे. माथेरान या नावात मात्र त्या जुन्या माणसांची भाषा शिल्लक आहे. माथ्यावरचे रान म्हणा किंवा, काही जण सांगतात तसे, मातेचे रान म्हणा.

मॅलेटने माथ्यावर घर बांधले. त्याचे नाव ‘बाईक’. सायकलीशी त्याचा संबंध नाही. ती तेव्हा अजून यायची होती. आज त्याच नावाचे हॉटेल माथेरानात आहे. थोड्याच काळात आणखी बंगले उभे राहिले. कॅप्टन बार याच्या नावाने ओळखला जाणारा ‘बार हाऊस’ हा १८५२ चा बंगला त्यांपैकी एक. पुढे दीडशे वर्षांनी नीमराणा समूहाने त्याचे ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’ हे हॉटेल केले. १८५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर आला, आणि त्याच्यासाठीही घर बांधले गेले. गव्हर्नर आला म्हणजे रस्ता येतो, हा नियम तेव्हाही होता. नेरळहून वर येणारी वाट आखली गेली.

आणि नेमके त्याच वेळी खाली रूळ टाकले जात होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे सर्वांना पाठ असते. १२ मे १८५६ ही तारीख कमी लोकांना माहीत असते. त्या दिवशी खोपोलीपर्यंतची रेल्वे सुरू झाली, आणि ती नेरळवरून जाते. मुंबईचा व्यापारी सकाळी निघून दुपारी नेरळला उतरू लागला. तेथून माथेरान सुमारे ११ किलोमीटर, पण साडेसातशे मीटरांहून अधिक चढ.

हे अंतर तो कसे कापी? तरुण असला तर घोड्यावरून किंवा पायी. नाहीतर पालखीत, डोलीत, खुर्चीला दांडे बांधून केलेल्या तामजानात. पुढे-मागे माणसे, शेजारी खांदा बदलायला दुसरी माणसे, आणि मागे सामान वाहणाऱ्यांची रांग. ट्रंका, गाद्या, भांडी, कधी दारूच्या पेट्या. हे वाहणारे बहुतेक ठाकूर, कातकरी आणि आसपासच्या गावांतले शेतमजूर. उन्हाळ्यात शेत रिकामे असते, आणि नेमका उन्हाळ्यातच साहेबाला डोंगर हवा असतो. डोंगरावरचा हंगाम आणि खालची बेकारी एकाच महिन्यांत येत असे. हॉटेलाचा सारा व्यवहार त्या योगावर उभा होता.

आता इमारतीकडे येऊ. माझ्या दृष्टीने या धाग्यातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे.

समजा १८७० च्या सुमारास तुम्हाला माथेरानात हॉटेल बांधायचे आहे. त्याच सुमारास मुंबईत वॉटसन्स हॉटेल उभे राहिले होते. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतला, जहाजाने आणला आणि येथे जोडला. मुंबईला बंदर आहे, म्हणून सात समुद्रांपलीकडचे लोखंड तिला परवडले. माथेरानला नेरळचे लोखंडही परवडत नव्हते. मग बांधायचे कशाने? पायाखाली जे आहे त्याने. माथेरानचे पठार म्हणजे काळ्या पाषाणावर बसवलेली जांभ्याची टोपी. तेथल्या वाटांची ती प्रसिद्ध लाल धूळ जांभ्याचीच. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने चिऱ्यात कापता येतो, आणि हवेत राहून कठीण होतो. म्हणून भिंती जांभ्याच्या, जाड, आणि त्यांना चुन्याचा गिलावा. जी वस्तू सर्वांत जड ती वर न्यावीच लागू नये, हा त्यातला हिशेब.

छपराचे गणित वेगळे. गवताने शाकारलेले छप्पर फुकटात होई, पण आगीला आणि पावसाला टिकत नसे. कौले चांगली, मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यावर ती कोकण किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. पण कौल जड, आणि डोक्यावरच्या टोपलीत फुटण्याची भीती. पन्हळी पत्रा हलका असतो, दोन माणसे बरेच पत्रे वाहतात, वाऱ्यात खिळून बसवता येतो. म्हणून डोंगरावरच्या बंगल्यांवर लाल रंगवलेला उतरता पत्रा सर्रास दिसतो. पत्र्यावर पावसाचा आवाज होतो, उन्हात तो तापतो. त्यावर उपाय म्हणून आत लाकडी किंवा कापडी छत. आज आपण ज्याला ‘वसाहतकालीन सौंदर्य’ म्हणतो त्यातले बरेचसे असे वजन वाचवण्यातून आलेले आहे.

आता आराखडा. ‘बंगला’ हा शब्दच बंगालचा. मातीच्या जोत्यावरचे उतरत्या छपराचे ते घर इंग्रजांनी उचलले, मोठे केले आणि त्याच्या चारी बाजूंना व्हरांडा ओढला. माथेरानचे जुने हॉटेल म्हणजे असा बंगला लांबीत ताणलेला. मध्ये जेवणाचे दालन, दोन्ही हातांना खोल्यांची रांग, आणि सर्वांसमोरून जाणारा एकच लांब व्हरांडा. खोली लहान असली तरी चाले, कारण पाहुणा खोलीत राहायला आलेलाच नसे. तो आरामखुर्ची टाकून व्हरांड्यात बसे. उन्हात व्हरांडा सावली देई, पावसात भिंत कोरडी ठेवी, आणि दिवसभर दरी दाखवी.

येथे जालन्याच्या सराईची आठवण काढा. सराईची बाहेरची भिंत आंधळी असते. खोल्यांची तोंडे चौकाकडे, आत. रात्री दरवाजा लागला की व्यापारी, त्याचा माल आणि त्याचे जनावर सुरक्षित. सराई बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून बसते, कारण बाहेर चोर आहेत. डोंगरावरचे हॉटेल मात्र दरीकडे तोंड करून बसते. त्याला चौक नाही, तट नाही, मोठा दरवाजा नाही. पाहुणा बाहेरचे जग विकत घेण्यासाठीच आलेला आहे. दोन्ही वास्तूंचे काम एकच, वाटसरूला रात्रभर आसरा देण्याचे. पण एकीचे तोंड आत आणि दुसरीचे बाहेर. मधल्या तीनशे वर्षांत प्रवास ही पोटापाण्याची गरज न राहता काहींसाठी हौस झाली, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा पुरावा मला माहीत नाही.

हॉटेलाची मागची बाजू मात्र कुणी रंगवत नाही, तिचे चित्रही काढत नाही. मागे बाबर्चीखाना, मुख्य इमारतीपासून सुटा. धूर आणि आग पाहुण्यांपासून लांब राहावी म्हणून. मागेच प्रत्येक खोलीची न्हाणी, आणि तिला बाहेरून उघडणारे वेगळे दार. त्या दाराने भिस्ती पाण्याची पखाल घेऊन येई आणि मैला उचलणारा माणूस येई-जाई. पाहुण्याला तो दिसू नये, अशी ही योजना. जातीची आणि वर्णाची अशी दुहेरी भिंत त्या आराखड्यात चिरा बसवावा तशी बसवलेली होती. जुन्या हॉटेलात राहायला गेलात तर न्हाणीच्या मागच्या भिंतीत बुजवलेले किंवा कुलूपबंद दार दिसते का ते अवश्य पाहा. ते दिसले की त्या खोलीचा निम्मा इतिहास समजला.

पाणी हा कायमचा प्रश्न. माथ्यावर झरे होते. मॅलेटच्या नावाचा झरा अजून दाखवतात. पिसरनाथाच्या मंदिराजवळ बांध घालून केलेला शार्लट तलाव हा गावाचा मुख्य आधार ठरला. पण तलावापासून हॉटेलापर्यंतचा प्रवास माणसाच्या पाठीवरून. स्नानाचे गरम पाणी म्हणजे दोनदा वाहिलेले ओझे, एकदा पाण्याचे आणि एकदा जळणाचे.

मग पाऊस. जून ते सप्टेंबर माथेरानवर काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तो उभा पडत नाही, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्यामुळे मे अखेर झाला की हॉटेले बंद होत. पश्चिमेकडच्या भिंती आणि व्हरांडे गवताच्या झापांनी झाकले जात. न झाकलेल्या भिंतीतून जांभा पाणी शोषतो, गिलावा सोडतो. इमारत चार महिने गवताचे इरले पांघरून बसे. हे झाप विणणारी, बांधणारी आणि ऑक्टोबरात सोडणारी माणसेही डोंगरातलीच.

आणि जेवण? माथेरानच्या जुन्या हॉटेलांत खोलीच्या भाड्यात चारी वेळचे खाणे धरलेले असे. अनेक ठिकाणी अजूनही असते. त्याला आज लोक ‘पॅकेज’ म्हणतात. मूळ कारण साधे आहे. भाजी, मटण, पीठ, बर्फ हे सारे आदल्या दिवशी खालून येणार. किती माणसे जेवणार हे ठाऊक नसेल तर एकतर उपाशी राहावे लागेल किंवा वाहून आणलेले फुकट जाईल. म्हणून पाहुण्यांची नावे, जेवणाची घंटा आणि ठरलेले पदार्थ.

‘रग्बी’ हे या पिढीतले नामांकित हॉटेल. त्याची स्थापना १८७६ ची सांगितली जाते. ‘लॉर्ड्स सेंट्रल’ हे नाव ऐकून कुणाला एखादा इंग्रज लॉर्ड आठवेल, पण लॉर्ड हे पारशी कुटुंबाचे आडनाव आहे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सिमला सरकारचे होते, महाबळेश्वर गव्हर्नरांचे होते. माथेरान मुंबईच्या व्यापाऱ्यांचे झाले. पारशी, बोहरी, खोजा, ज्यू, गुजराती भाटिये यांनी येथे बंगले घेतले, हॉटेले चालवली, आरोग्यभुवने बांधली. लुईसा, अलेक्झांडर, पॅनोरमा ही पॉइंटांची नावे साहेबांनी ठेवली खरी, पण त्या पॉइंटांवर बसून धानसाक खाणाऱ्या कुटुंबांनी हे गाव जगवले.

डोंगराचे ओझे कमी करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्नही याच वर्गाने केला. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बोहरी उद्योगपती. आख्यायिका अशी की एकदा ते नेरळला उतरले आणि वर जायला वाहनच मिळाले नाही. तेव्हा त्यांनी ठरवले की वर येईन तो माझ्याच गाडीने. आख्यायिकेचे राहू द्या. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले आणि २२ मार्च १९०७ रोजी नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. खर्च सुमारे १६ लाख रुपये, आणि तो पीरभॉय घराण्याचा. दार्जिलिंगच्या (१८८१) किंवा सिमल्याच्या (१९०३) गाडीमागे कंपन्या आणि सरकार होते. येथे एका भारतीय कुटुंबाची तिजोरी होती.

हे रूळ अवघे दोन फूट रुंदीचे. वाट इतकी नागमोडी की ११ किलोमीटरांच्या पायवाटेच्या जागी गाडी सुमारे २१ किलोमीटर फिरते. काही ठिकाणी चढ वीस फुटांना एक फूट. इंजिने जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीची. त्यांची टोकाची चाके वळणावर थोडी सरकू शकतील अशी खास रचना होती. नाहीतर एवढ्या अरुंद वळणांवर इंजिन रुळावरून उतरले असते. ‘वॉटर पाइप’ नावाचे स्थानकच आहे. वाफेच्या इंजिनालाही डोंगर चढताना पाणी लागते, त्याची आठवण त्या नावात राहिली.

गाडीने काय बदलले? पेटारे, पत्रे, कौले, आरसे, पलंग, पियानो, सारे वर येणे सोपे झाले. मध्यमवर्गीय कुटुंब चार मुलांसह वर जाऊ लागले. नेरळहून पालखी उचलणाऱ्यांचे काम गेले. पण गाडी बाजारात थांबते. हॉटेले जंगलात, कड्यांवर विखुरलेली. शेवटचा एक-दोन किलोमीटर तसाच राहिला. तेथे हातरिक्षा आली. पालखी खांद्यावर असे. रिक्षा दोन चाकांवर आली, पण ओढणारा माणूसच. पुढे एक, मागे ढकलायला आणखी एक-दोन. खांद्यावरचे ओझे हातावर आले, एवढीच प्रगती.

या सेवा करणाऱ्यांच्या वस्तीतूनच आपला एक मोठा माणूस आला. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानात एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. साहेबांच्या आणि शेठांच्या गावात वाढलेला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला आणि डोंगरातल्या शेतकरी-आदिवासींसाठी शाळा व धान्यकोठारे उभी करू लागला. १९४२ मध्ये त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. थंड हवेच्या ठिकाणांच्या इतिहासात पाहुण्यांची नावे भरपूर येतात. पण तेथे केस कापणाऱ्याच्या घरी कोण जन्मले हे क्वचितच लिहिलेले असते.

आता कॅट्सकिलकडे परत जाऊ. त्या हॉटेलापर्यंत १८९२ मध्ये दोराने ओढली जाणारी रेल्वे गेली. मग मोटार आली. मोटारवाल्या पाहुण्याला महिनाभर एकाच व्हरांड्यात बसायचे नव्हते. त्याला रोज नवा डोंगर हवा होता. हॉटेल ओस पडले, कुजले आणि २५ जानेवारी १९६३ रोजी न्यूयॉर्क राज्याने स्वतःच ते जाळून टाकले. जे मोटारीने तेथे केले ते माथेरानात होऊ शकले नाही, कारण मोटार वर पोहोचलीच नाही. नेरळहून येणारा गाडीरस्ता दस्तुरी नाक्याला संपतो. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर पुढे वाहनांना बंदी. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले आणि ही बंदी अधिक पक्की झाली. जुने बंगले, जुने व्हरांडे, जांभ्याच्या भिंती आज पाहायला मिळतात त्याचे एक मोठे कारण हे आहे. जेथे सिमेंटची गोणी नेणे महाग पडते तेथे जुने पाडून नवे बांधण्याची घाई होत नाही.

पण या बंदीचे बिल कुणी भरले? सत्तर वर्षांच्या आजींना स्थानकावरून हॉटेलात नेणारी हातरिक्षा माणूस ओढत राहिला. वारसा सांभाळण्याचा खर्च रिक्षावाल्याच्या गुडघ्यांतून वसूल होत होता. गंमत म्हणजे ही हातरिक्षाही पुढे ‘माथेरानची ओळख’ म्हणून छायाचित्रांत मिरवू लागली. ओढणाऱ्यांनाच ती नको होती. बॅटरीवरची ई-रिक्षा द्या, अशी मागणी त्यांनी वर्षानुवर्षे केली. पर्यावरणाच्या नावाने विरोध झाला, घोडेवाल्यांनी आपल्या पोटासाठी विरोध केला. त्यांचीही बाजू खोटी नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये चाचणी म्हणून काही ई-रिक्षा सुरू झाल्या.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असे सांगून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने थांबवण्यास राज्य सरकारला बजावले, आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखण्यास सांगितले. अमृतसरच्या रिक्षाचालकांच्या खटल्यात याच न्यायालयाने १९८० मध्ये या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. त्यालाही पंचेचाळीस वर्षे उलटून गेली, याची आठवण निकालात काढलेली आहे.

मॅलेट चौकातून वर चढला त्या वर्षापासून मोजले तर हा निकाल येईपर्यंत १७५ वर्षे झाली होती. एवढ्या काळात हॉटेलांचे मालक बदलले, पत्रे बदलले, न्हाणीची मागची दारे बुजली, वाफेची इंजिने १९८० च्या दशकात निवृत्त होऊन डिझेलची आली.

पुढच्या सुट्टीत माथेरानला जाणार असाल तर सकाळी लवकर दस्तुरी नाक्यावर थोडा वेळ उभे राहा. दूध, भाजीची पोती, गॅसची टाकी, धुऊन आलेल्या चादरींची गाठोडी खालून आलेल्या टेम्पोतून उतरवली जातात. मालाच्या घोड्यांवर ती बांधली जातात आणि लाल धुळीच्या वाटेने झाडीत दिसेनाशी होतात. दुपारी तुम्ही ज्या व्हरांड्यात चहा घ्याल, त्याचे साखर-दूध त्यांतच असेल.